सारंगखेड्याच्या यात्रेत लाखीसाठी सोबत

मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष सरत आला, की तापीकाठच्या सारंगखेड्यात माणसांच्या बरोबरीने घोड्यांची वस्ती होते. एकमुखी दत्ताच्या मंदिरापाशी दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिच्या आश्रयाने घोड्यांचा बाजार. या बाजाराला तीनशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा सांगितली जाते. धुळ्याकडून निघाले म्हणजे दोंडाईचा लागते, तेथील मिरचीचा ठसका गाडीच्या काचा लावल्या तरी घशाशी येतो. पुढे वेचणीला आलेला कापूस, हरभऱ्याची कोवळी शेते, आणि मग तापीवरील लांब पूल. पूल ओलांडला की नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुका सुरू होतो व नदीचा गारवा अंगाला लागतो न लागतो तोच शेण, ओले गवत आणि तेलपाणी केलेल्या कातड्याचा संमिश्र वास येतो. बाजार जवळ आल्याची ती खूण.

आपल्या खानदेशातील व्यापारी घरांना ही यात्रा अपरिचित नाही. आडतीचा व्यवसाय असणाऱ्यांची मागची पिढी आठवडी बाजारांना टांग्यातून जात असे आणि त्या टांग्याचे जनावर अशाच एखाद्या यात्रेतून आणलेले असे. आता आपल्या घरी घोडा येतो तो दोनच प्रसंगी. एक लग्नाच्या वरातीत आणि दुसरा वरघोड्यात. दोन्ही वेळा तो सजून येतो, तासाभराने निघून जातो, आणि तो कोठे राहतो, कोणाबरोबर राहतो, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. माझे काकासा मात्र या नियमाला अपवाद आहेत. काकींच्या पश्चात ते गाव सोडून शेतावर राहावयास गेले. तेथे त्यांच्यापाशी दोन जनावरे होती: लाखी नावाची काळसर तांबूस रंगाची मारवाडी घोडी आणि बादल हा तिच्याहून बराच वयस्क, खच्ची केलेला घोडा. श्रावणात बादल गेला. घोडा सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस वर्षे जगतो. बादल अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे त्याचे जाणे अकाली नव्हते. पण मागे राहिलेल्या लाखीचे काय, हे कोणी योजून ठेवले नव्हते.

पहिले काही दिवस ती कुंपणाच्या कडेने येरझारा घालीत राहिली. रस्त्याने टेम्पो गेला की खिंकाळे. चंदीचा तोबरा अर्धा टाकू लागली. नंतर येरझारा थांबल्या आणि तिने दुसरेच सुरू केले: तबेल्याच्या दाराशी उभे राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत मान डावी-उजवीकडे झुलवीत राहावयाचे, तासन्‌तास. पशुवैद्यांनी तपासले, रक्त तपासले, दात पाहिले, आणि रोग नाही असे सांगितले. जनावर एकटे आहे, एवढेच त्यांचे निदान.

काकासांना ते प्रथम पटले नाही. "एकटी कशी? मी आहे, मोतद्दार आहे, रोज दोन वेळा खरारा होतो," असे ते म्हणत. मोतद्दार या घरी वीस वर्षे आहे. तो एवढेच बोलला, "शेठजी, रात्री आपण दोघेही झोपतो."

त्या एका वाक्यात पुष्कळ शास्त्र आहे. घोडा हा मुळात मोकळ्या माळावर राहणारा, भक्ष्य होऊ शकणारा प्राणी. त्याच्या पायांच्या सांध्यांची ठेवण अशी असते, की स्नायूंना फारसे श्रम न पडता तो उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. परंतु जिच्यात स्वप्ने पडतात ती गाढ झोप मात्र आडवे झाल्यावाचून येत नाही. ती रोज फार लागत नाही, पण अजिबात न मिळून चालत नाही. कळपात एक आडवा होतो तेव्हा दुसरा जवळ उभा असतो. पहारा नसेल तर पुष्कळ घोडे अंग टाकावयास धजत नाहीत. दिवसा माणूस कितीही जवळ असला तरी रात्रीच्या पहाऱ्याला तो नसतो.

दुसरी गोष्ट खाजवण्याची. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तेथे, दातांनी हलकेच खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग प्रदेशातील घोड्यांवर केलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की नेमक्या त्या जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. चांगला खरारा हे काम थोडेफार करतो. पण खरारा ठरलेल्या वेळी होतो आणि खाज ठरलेल्या वेळी सुटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमांप्रमाणे घोड्याला दुसरा घोडा किंवा त्याच्या जातकुळीचा प्राणी दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे आणि त्याचा वास आला पाहिजे, असे बंधनच आहे.

यात्रेला निघण्यापूर्वी सोपे उपाय आम्ही घरी तपासून पाहिले. ब्रिटनमधील संशोधकांनी तबेल्यात आरसा लावल्यावर घोड्यांचे झुलणे कमी झाल्याचे २००२ साली नोंदवले होते. म्हणून न फुटणाऱ्या पत्र्याचा मोठा आरसा बसवला. झुलणे काहीसे उतरले, पण काकासांना तो प्रकार बघवेना. "ती आपल्यालाच सोबत समजते आहे," म्हणून त्यांनी चौथ्या दिवशी तो काढवला. गाय शेतावर होतीच. गाय आणि घोडी एका कुरणात सुखाने चरतात, हे खरे. परंतु गाय बसून रवंथ करू लागली की घोडी पुन्हा एकटीच. शिवाय गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते, ते गाईला चालते आणि घोड्याच्या हृदयावर प्राणघातक ठरते. तेव्हा दोघींच्या गव्हाणी वेगळ्या ठेवाव्याच लागतात. शेळीचाही विचार झाला. शर्यतीच्या घोड्यांपाशी शेळी ठेवण्याची जुनी चाल आहे आणि कित्येक तापट घोडे तिच्यामुळे शांत राहतात. पण शेळी खाजवीत नाही, उन्हाळ्यात शेपटीने दुसऱ्याच्या तोंडावरच्या माशा वारीत नाही. उलट दोरखंड, चंदी, मोतद्दाराचे उपरणे, सारे काही चघळते.

गाढवाचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा होता. गाढव स्वस्त मिळते, थोडे खाते, स्वभावाने स्थिर असते. आपल्याकडे मढी आणि जेजुरी येथील गाढवांचे बाजार प्रसिद्ध आहेत, आणि नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत तर घोडे व गाढवे दोन्ही मिळतात. मात्र गाढवाच्या अंगी फुप्फुसातील कृमी कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतात आणि एकाच कुरणात चरणाऱ्या घोड्याला त्यांची बाधा होते. म्हणून आधी तपासणी व औषध आवश्यक. घोड्याच्या चंदीवर गाढव भराभर लठ्ठ होते व त्याचे खूर बिघडतात. नर असेल तर तो खच्ची केलेलाच हवा, नाहीतर वर्षभराने अंगणात खेचर उभे राहील! सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाढव आपल्या सोबत्याशी विलक्षण बांधलेले असते. जोडीदार दुरावला तर ते खाणे सोडते आणि रक्तात चरबी साचून दगावूही शकते. त्याला खरी सोबत लागते ती दुसऱ्या गाढवाची. म्हणजे एक आणावयाचे तर दोन आणणे आले. काकासांनी हिशेब केला आणि आम्ही सारंगखेड्याचा रस्ता धरला.

बाजाराचे मैदान सकाळच्या धुक्यात पाहावे. ओळीने ठोकलेले खुंट, अगाडी-पिछाडी बांधलेली जनावरे, त्यांच्या अंगावरील रंगीत झुली, मध्येच पेटलेल्या शेकोट्या. एका कडेला नालबंदांची हातोडी, दुसऱ्या कडेला लगाम, खोगीर, गोंडे, घुंगरांच्या माळा यांची दुकाने. अलीकडे येथे चेतक महोत्सव होऊ लागल्यापासून तंबूंची नगरीही उभी राहते आणि घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धांना मोठी गर्दी लोटते. हलगीच्या तालावर घोडा पुढचे पाय आळीपाळीने उचलतो तेव्हा लोक शिट्ट्या वाजवतात. मला त्या नाचात सारखा लाखीच्या झुलण्याचा भास होत होता. पण ते माझ्या मनाचे खेळ, घोड्याला शिकवलेली विद्या वेगळी.

या बाजाराची स्वतःची एक भाषा आहे. काठियावाडी घोड्याचे कान आत वळून टोकाशी एकमेकांना भिडले पाहिजेत. पंजाबचा नुकरा दुधासारखा पांढरा आणि कातडी गुलाबी. चारही पाय व तोंड पांढरे ते पंचकल्याणी. अंगावरील भोवऱ्यांचे तर स्वतंत्र शास्त्र: गळ्याखालचा देवमण शुभ, अमुक जागचा भोवरा धन्याला वाईट. एका भोवऱ्यापायी उत्तम जनावराची किंमत निम्म्यावर येते आणि दुसऱ्यापायी सामान्य जनावर लाखांत जाते. पूर्वी हे सौदे रुमालाखाली बोटे दाबून होत. आता कॅल्क्युलेटर पुढे केला जातो. आपण व्यापारी माणसे, भाव कशाचा होतो आणि का होतो हे जाणण्याची आपल्याला सवय. तास-दोन तास फिरल्यावर ध्यानात आले, की आम्हांला जो गुण हवा होता त्याला या बाजारात भावच नव्हता. रंग, कान, उंची, चाल, नाच, भोवरा, सर्वांना किंमत होती. दुसऱ्या जनावराशेजारी निवांत उभे राहणे, ही गोष्ट मात्र कोणी सांगतही नव्हते व कोणी विचारीतही नव्हते.

काय पाहावयाचे हे पशुवैद्यांनी सांगून ठेवले होते. वय लाखीच्या आसपासचे. अडीच वर्षांचा खोंड आणला तर तो खेळावयास बघणार आणि चौदा वर्षांची घोडी त्याला लाथाडणार. सळ म्हणजे न खच्ची केलेला नर नको. घोडी किंवा खच्ची घोडा. खाण्याची गरज सारखी असावी, कारण एक लठ्ठ आणि एक रोड झाल्यास दोघांना एकत्र चारता येत नाही. आणि जनावर एकदा सकाळी व एकदा संध्याकाळी पाहावे. सकाळी शांत दिसलेले जनावर दमलेले असू शकते, किंवा त्याला शांत होण्याचे काही दिलेलेही असू शकते.

पहिल्या फेरीत काकासांचे मन एका जोडीवर बसले. दोन मारवाडी घोड्या एकाच खुंटापाशी, एकीची हनुवटी दुसरीच्या पाठीवर. धनी त्यांतील धाकटी विकावयास तयार होता, भावही अवाजवी नव्हता. मोतद्दाराने तिला सोडून पन्नास पावले चालवीत नेले. मागे राहिलेली दोरखंड ताणून ओरडू लागली, नेलेली मागे वळण्यासाठी मोतद्दाराला ओढू लागली. धनी हसला, "दोन दिवसांत विसरतात, शेठ." काकासा काही बोलले नाहीत. त्यांनी धाकटीला स्वतः परत आणून खुंटाला बांधले आणि पुढे चालू लागले. थोड्या अंतरावर जाऊन म्हणाले, "एकीचे एकटेपण फेडावयाचे आणि दुसरीच्या माथी मारावयाचे, हा कसला सौदा?" दोघी घ्याव्यात असेही क्षणभर वाटून गेले. तीन जनावरांचा कळप दोहोंपेक्षा चांगलाच, कारण एक गेले तरी दोन उरतात. पण घट्ट जोडीत तिसरीला कोणी घेईलच असे नाही. आपल्याच कुरणात लाखी एकटी पडावयाची. शिवाय साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो सुका चारा लागतो, आणि काकासांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. हा आकडा त्यांनी स्वतःच काढला.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे म्हणून आम्ही घरची शिदोरी सोडून मैदानाच्या टोकाशी बसलो. तेथेच ती घोडी होती. मळकट पांढरी, पाठ किंचित खचलेली, अंगावर झूल नाही. तिचा धनी वरातीसाठी घोड्या भाड्याने देत असे. धंदा आवरता घेऊन त्याने बाकीची जनावरे केव्हाच विकली होती. शुभलक्षण म्हणावे असा भोवरा अंगावर नव्हता, म्हणून दोन दिवस कोणी थांबलेही नव्हते. शेजारच्या खुंटाला एक भलताच तापट वछेरा बांधलेला होता. तो सारखा झटे देई, मध्येच तिच्या चाऱ्यात तोंड घाली. ती एकदा कान मागे टाकी, तोंड पुढे करून त्याला हटवी, आणि लगेच पुन्हा खाऊ लागे. लाथ नाही, चावा नाही, चिडचिड नाही. वछेरा दमला तेव्हा तिच्याच अंगाला टेकून उभा राहिला.

मोतद्दार जेवण टाकून उठला. त्याने दात पाहिले. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच उमटते आणि ती पंधराव्या वर्षाच्या आसपास दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते. हिची निम्म्याला आली होती. धनी बारा सांगत होता. खूर ठीक, डोळे स्वच्छ, श्वास मोकळा. वरातींत वाढलेली, म्हणून फटाके, बँड, दिव्यांच्या माळा, कशालाही न बुजणारी. तिला वछेऱ्यापासून दूर नेले तर तिने एकदा वळून पाहिले आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन पाहिले. तीच चाल, तोच स्वभाव. बारा वर्षांचा भाव पंधरावर आणावयास काकासांना फार वेळ लागला नाही. मात्र ठरलेल्या रकमेवर त्यांनी आपणहून दोन हजार अधिक ठेवले, ते का, हे मला अजून उमगलेले नाही. एरवी तराजूची दांडी ते कोणासाठी झुकू देत नाहीत.

घरी आणल्यावर खरे काम सुरू झाले. यात्रेत दूरदूरची जनावरे एकत्र येतात, तेव्हा तेथून आणलेला घोडा तडक घरच्या घोड्याजवळ बांधणे धोक्याचे. ग्लँडर्स हा रोग घोड्यांपासून माणसांनाही होतो. त्याच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना पाठवला जातो, आणि हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे त्या कामातील देशातले प्रमुख ठिकाण आहे. अहवाल येईपर्यंत व त्यानंतरही एकूण तीन आठवडे नवी घोडी शेताच्या दुसऱ्या टोकाला राहिली. तिची बादली वेगळी, खरारा वेगळा, मोतद्दार आधी लाखीचे काम करी, मग हात धुऊन नवीचे. वारा फिरला की लाखी नाक वर करून त्या बाजूला पाहत राही. झुलणे त्या पहिल्याच आठवड्यात निम्मे झाले, नुसत्या वासाने.

मग मधे कुंपण ठेवून शेजारशेजारची दोन कुरणे. नाकाला नाक, लगेच किंचाळी आणि पुढच्या पायाचा फटका. पाहणाऱ्याला हे भांडण वाटते. ती घोड्यांची विचारपूस असते. आठ दिवसांनी दोघींना मोकळ्या मोठ्या जागेत सोडले, मागचे नाल आधी काढून, आणि चाऱ्याचे ढीग दोनाऐवजी तीन घालून, तेही अंतराने. ढीग एक जास्त असला की हटवलेली उपाशी राहत नाही आणि हटवणारीला पहारा करता येत नाही. लाखीने पहिले दोन दिवस घरधनीणपणा गाजवला. नवीने सगळे मानले. तिसऱ्या दिवशी दुपारी मोतद्दाराने मला हाक मारून लिंबाखाली बोट दाखवले: दोघी समोरासमोर उभ्या आणि आयाळीच्या मुळाशी दातांचे काम चालू.

फाल्गुनात मी पुन्हा शेतावर मुक्कामाला गेलो होतो. पहाटे उठून पाहिले तर लाखी मान जमिनीवर टाकून, पाय पसरून आडवी पडलेली. पाय मधूनमधून हलत होते. मळकट पांढरी तिच्यापासून चार पावलांवर उभी, कान माझ्याकडे. मी कुंपणाशी गेलो तसे तिने एकदा फुरफुरून माझी नोंद घेतली, पण लाखीला उठवले नाही.

घरातील मुले नवीला अनेक नावे सुचवतात. काकासा तिला अजून 'पावणी' म्हणतात. दिवाळीपासून चालू असलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी दोघींची नावे, अंदाजी वये, नालबंदाचा आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी, रोजच्या चाऱ्याचे वजन असे सारे लिहून ठेवले आहे. ज्या गावच्या पांजरपोळाशी बोलणे झाले त्याचे नावही आहे. मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना १८३४ सालची. तेव्हापासून आपल्या बाजारपेठांच्या अनेक गावी अशा संस्था उभ्या राहिल्या. पण म्हाताऱ्या घोडीला तेथे नेऊन गुरांत एकटी बांधली तर पुन्हा तेच होईल, हे काकासांनी व्यवस्थापकांना समजावून सांगितले, आणि ठरलेले सर्व वहीत उतरवले: आपल्या मागे जागा विकली गेल्यास दोघींची रवानगी एकाच गाडीतून व्हावी, आणि एक आधी गेल्यास उरलेलीसाठी पुढच्या मार्गशीर्षाची वाट न पाहता सोबत शोधावी. त्याखाली तारीख, सही आणि खर्चासाठी बाजूला काढलेल्या रकमेचा आकडा आहे.